तीस विरुद्ध तीन : एका एकतर्फी सामन्याची जमाखर्चवही

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ९१२ हा आकडा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९४५-४६ च्या मोसमात रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध आठ गडी बाद ९१२ धावा करून डाव घोषित केला. एकाच डावात सहा फलंदाजांनी शतके झळकावली. भांडारकर, सरवटे, जगदाळे, कर्नल सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग ही नावे ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली, त्यांना ती आजही एखाद्या आरतीच्या ओळींसारखी क्रमवार पाठ असतात. मात्र त्या दिवसांत म्हैसूरच्या अकरा जणांना उन्हात उभे राहून काय वाटले असेल, हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच विचारला गेला. विजयाच्या आठवणीत पराभूतांना जागा थोडी असते, हे जगरहाटीला धरूनच आहे.

हा प्रश्न मनात येण्याचे निमित्त मात्र क्रिकेटचे नाही, आणि इंदूरचेही नाही. ते आहे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी २२ ऑगस्ट २००७ रोजी झालेल्या एका बेसबॉल सामन्याचे. टेक्सास रेंजर्स या पाहुण्या संघाने बाल्टिमोर ओरिओल्स या यजमान संघाचा ३० विरुद्ध ३ असा पराभव केला. क्रिकेटच्या मापाने तीस धावा म्हणजे काहीच नव्हेत. आपल्याकडे तेवढ्या एका चांगल्या भागीदारीत निघतात. परंतु बेसबॉलमध्ये एका संघाच्या चार-पाच धावा झाल्या की दिवस बरा गेला असे समजतात. तेथे तीस म्हणजे आपल्याकडचे ९१२ च म्हणावयाचे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे भाग आहे. प्रत्येक संघाला नऊ छोटे डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. म्हणजे सबंध सामन्यात एका संघाचे सत्तावीस गडी बाद करावे लागतात. चेंडू टाकणारा तो पिचर. फलंदाजाने फटका मारून चार कोपऱ्यांची फेरी पूर्ण केली की एक धाव होते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो होम रन. आणि तिन्ही कोपऱ्यांवर आपले गडी उभे असताना असा फटका बसला, तर एकदम चार धावा पदरात पडतात. त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. एवढे ध्यानात ठेवले तरी पुढची हकीगत समजण्यास हरकत नाही.

सामन्याची जागाही सांगण्यासारखी आहे. कॅमडेन यार्ड्स हे बाल्टिमोरचे मैदान १९९२ मध्ये खुले झाले. जुन्या रेल्वे कंपनीचे लांबच लांब लाल विटांचे गोदाम त्याच्या एका अंगाला तसेच राखलेले आहे. बेसबॉलचा महापुरुष बेब रूथ १८९५ मध्ये जन्मला, ते घरही तेथून हाकेच्या अंतरावर. ओरिओल हा मेरीलँड राज्याचा मानाचा पक्षी. आपल्या हळद्याचा इंग्रजी नामबंधू, जरी पक्षिशास्त्रज्ञ दोघांची कुळे वेगळी मानतात. त्या दिवशी यजमानांच्या घरी थोडी आनंदाची वार्ताही होती. जूनपासून हंगामी कारभार पाहणारे व्यवस्थापक डेव्ह ट्रेम्ब्ली यांची पुढील वर्षासाठी नेमणूक कायम झाल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले होते. त्या दिवशी दोन सामने व्हावयाचे होते, आणि हा त्यांतील पहिला.

आता गंमत अशी की, हा सामना सुरू झाला तेव्हा पुढे असे काही घडेल याची पुसटशीही चिन्हे नव्हती. तीन डाव संपले तेव्हा ओरिओल्सच ३-० असे पुढे होते! चौथ्या डावात रेंजर्सनी पाच धावा केल्या. पाचव्या डावाअखेर फलक होता ५-३. असे सामने बेसबॉलमध्ये रोज होतात. प्रेक्षक शेंगदाणे खात, आपल्या संघाने दोन धावा केल्या की गाठलेच, असा हिशेब करीत बसलेले असणार. मग सहाव्या डावात नऊ धावा झाल्या. सातव्यात एकही नाही. आठव्यात दहा. आणि नवव्यात, म्हणजे निकाल केव्हाच लागून गेल्यावर, आणखी सहा. नऊ डावांपैकी पाच डावांत ज्या संघाला एकही धाव करता आली नाही, त्याने उरलेल्या चार डावांत तीस धावा केल्या. पुरासारखेच हे. नदी दिवसभर पात्रातच असते आणि मग घटका-दोन घटकांत घाट बुडतो.

आकडेवारीच्या वहीत ओरिओल्सच्या चार पिचरांची नावे ओळीने लिहिलेली आहेत. डॅनियल कॅब्रेरा याने पाच डाव टाकले आणि त्याच्या खाती सहा धावा लागल्या. ब्रायन बरेस आला. त्याला दोनच गडी बाद करता आले आणि तेवढ्यात आठ धावा गेल्या. रॉब बेल याने चार गडी बाद केले, धावा सात. शेवटी पॉल शुई. दोन डाव, नऊ धावा. सहा, आठ, सात आणि नऊ. बेरीज करून पाहा, बरोबर तीस येते. सुरक्षित फटक्यांचा हिशेबही असाच जुळतो : एकूण एकोणतीस. बेसबॉलच्या वहीतील ही शिस्त मोठी निष्ठुर आहे. धाव झाली की ती कोणाच्या तरी नावावर मांडावीच लागते. 'आमचे नशीब खोटे' या सदराखाली एकही धाव टाकण्याची सोय नाही.

दुसऱ्या बाजूची पाने उलटली तर तेथे वेगळेच आश्चर्य. क्रिकेटप्रमाणे येथेही फलंदाजीचा क्रम असतो आणि नऊ जणांत आठवा-नववा हे बहुधा दुबळे समजले जातात. त्या दिवशी रेंजर्सचा आठवा होता जॅरॉड सॉल्टलामाकिया आणि नववा रॅमोन वाझ्केझ. पहिला बावीस वर्षांचा तरुण, जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी अदलाबदलीत अटलांटाहून आलेला. इंग्रजीत चौदा अक्षरे भरणारे त्याचे आडनाव अमेरिकेच्या या वरिष्ठ स्पर्धेच्या तोवरच्या इतिहासात सर्वांत लांब समजले जाई. या दोघांनी प्रत्येकी दोन होम रन मारले आणि प्रत्येकी सात धावा आपल्या फटक्यांनी वसूल करून दिल्या. म्हणजे तिसांपैकी चौदा धावांचे श्रेय शेपटाकडे जाते! मार्लन बर्ड आणि ट्रॅव्हिस मेटकाफ या दोघांचे ग्रँड स्लॅम, म्हणजे चार-चार धावांचे फटके, ते वेगळेच. मोठ्या विजयात नेहमी मोठेच मोहरे चमकतात, असा जो आपला समज असतो, त्याला या पानावर आधार सापडत नाही.

परंतु आकड्यांच्या विनोदबुद्धीचा खरा नमुना अजून पुढेच आहे. बेसबॉलमध्ये 'सेव्ह' नावाचा एक मान असतो. विजय हातातोंडाशी आला असता शेवटी येऊन जो पिचर तो निसटू देत नाही, त्याच्या नावावर ही राखण मांडली जाते. ही कल्पना शिकागोचे वृत्तपत्रलेखक जेरोम होल्ट्झमन यांची. १९६० च्या सुमारास त्यांनी ती मांडली आणि १९६९ पासून ती अधिकृत झाली. सामान्यतः आघाडी तीन किंवा त्याहून कमी धावांची असेल तरच हा मान मिळतो. पण नियमात एक पोटकलम आहे : जिंकणाऱ्या संघाचा सामना पुरा करणाऱ्या पिचरने शेवटचे किमान तीन डाव नीट टाकले, तर आघाडी कितीही असो, सेव्ह त्याचीच. वेस लिटलटन सातव्या डावात आला तेव्हा त्याचा संघ १४-३ असा पुढे होता. त्याने तीन डाव टाकले. तोवर फलक ३०-३ झाला होता. वहीत नोंद झाली : लिटलटन, सेव्ह एक. सत्तावीस धावांनी जिंकलेला सामना त्याने 'वाचवला'! नियमाप्रमाणे नोंद अगदी बिनचूक आहे, आणि अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर हसू आवरत नाही. महापूर ओसरल्यावर धरणाच्या दारावर उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला गाव वाचवल्याचे प्रशस्तिपत्र द्यावे, तशातलाच हा प्रकार.

यावरून आकडे खोटे बोलतात असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. आकडा आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. 'या माणसाने शेवटचे तीन डाव टाकले का?' या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. 'त्याच्यामुळे संघ वाचला का?' हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. आपल्या घरांतील जमाखर्चाच्या वह्या, देवस्थानांचे ताळेबंद, परीक्षांचे गुण, या सर्वांना हाच न्याय लागू पडतो.

ही वही मुळात आली कोठून, हे पाहू गेल्यास आपल्या ओळखीच्या दारापाशीच येऊन पोहोचतो. बेसबॉलच्या या तक्त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात, आणि त्याचा जनक म्हणून हेन्री चॅडविक यांचे नाव घेतले जाते. हे गृहस्थ १८२४ मध्ये इंग्लंडातील एक्सेटर येथे जन्मले आणि लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेत गेले. प्रथम ते क्रिकेटच्या सामन्यांची वृत्ते लिहीत. पुढे बेसबॉलने त्यांचे मन जिंकले; पण हात मात्र क्रिकेटच्या धावफलकाला सरावलेला. त्याच सवयीने त्यांनी १८५९ मध्ये नव्या खेळासाठी आकड्यांचा तक्ता रचला. म्हणजे आज अमेरिकन माणूस न्याहारीच्या टेबलावर ज्या आकड्यांत रमतो, त्यांचे आजोळ क्रिकेटच्या वहीत आहे. ९१२ जपणारी आपली घरे आणि ३०-३ जपणारी बाल्टिमोरची घरे यांच्यात असे हे दूरचे नाते निघते.

अमेरिकनांना आपल्या वह्या फार मागेपर्यंत चाळण्याची हौस आहे. त्या दिवशी त्यांनी पाने उलटली तेव्हा तीसचा आकडा त्यांना थेट ११० वर्षांमागे सापडला. २९ जून १८९७ रोजी शिकागोच्या संघाने लुइव्हिलला ३६-७ असे हरवले होते. त्यानंतर विसाव्या शतकात दोनदा गाडी एकोणतिसावर येऊन थांबली होती. एकदा ८ जून १९५० रोजी बोस्टन रेड सॉक्सने सेंट लुइस ब्राउन्सविरुद्ध २९-४ असा विजय मिळवला, आणि एकदा २३ एप्रिल १९५५ रोजी शिकागो व्हाइट सॉक्सने कॅन्सस सिटीविरुद्ध २९-६ असा. २००७ नंतरही, ९ सप्टेंबर २०२० रोजी, अटलांटा ब्रेव्ह्जने मायामीविरुद्ध एकोणतीस केल्या. तीस मात्र झाल्या नाहीत.

यातील १९५० च्या सामन्याकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. बोस्टनने आदल्याच दिवशी याच ब्राउन्स संघाविरुद्ध वीस धावा केल्या होत्या. म्हणजे दोन दिवसांत एकोणपन्नास. हा दुर्दैवी ब्राउन्स संघ सेंट लुइस सोडून १९५४ मध्ये दुसऱ्या शहरी राहावयास गेला. ते शहर बाल्टिमोर, आणि तेथे त्याने घेतलेले नवे नाव ओरिओल्स! गाव बदलले, नाव बदलले, पण सत्तावन्न वर्षांनी तीच पत्रिका पुन्हा पुढे उभी राहिली. ग्रहयोगांवर आमचा विश्वास नाही. परंतु असे काही वाचले म्हणजे ज्योतिषीबुवांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

येथवर सारी मौज झाली. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सहाव्या डावात १४-३ झाल्यावर उरलेला खेळ कशासाठी? क्रिकेटमध्ये कर्णधार डाव घोषित करू शकतो. कर्नल नायडूंनी ९१२ वर का होईना, केला. बेसबॉलमध्ये ती वाट नाही. जिंकणाऱ्याला थांबता येत नाही आणि हरणाऱ्यालाही सुटता येत नाही. सत्तावीस गडी बाद झालेच पाहिजेत. हौशी आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत ठरावीक फरक पडला की खेळ थांबवण्याचा दयेचा नियम आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत तसा नाही. तेथे आहे तो फक्त अलिखित संकेत. आघाडी मोठी असताना धावत जाऊन कोपरे चोरू नयेत, दुबळ्या अवस्थेतील प्रतिस्पर्ध्याला युक्त्याप्रयुक्त्यांनी छळू नये, वगैरे. पण चेंडू समोर आला तर तो मारावाच लागतो. जाणूनबुजून बाद होणे हा प्रतिस्पर्ध्याचा आणखी मोठा अपमान समजला जातो, आणि तो योग्यच आहे. शिवाय त्या दिवशी लगेच दुसरा सामना व्हावयाचा होता. तेव्हा ताजे पिचर राखून ठेवणे ट्रेम्ब्लींना भाग होते. उरलेल्यांनी मार खात उभे राहावे, याला इलाज नव्हता.

याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट आपल्या संग्रही आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना झाला. होळकरांच्या त्या सहा शतकवीरांपैकी एक, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, या सामन्यात महाराष्ट्राकडून खेळत होते. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ हा तेव्हाचा जागतिक विक्रम होता, आणि तो मोडण्यास दहाच धावा हव्या होत्या. त्याच वेळी काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. विक्रमाच्या पानावर बळी म्हणून आपल्या संघाचे नाव लागू नये, हा त्यांचा हेतू असल्याचे सांगतात. झाले मात्र उलटेच. ४४३ हा रणजी स्पर्धेतील सर्वोच्च डाव आजही आहे. तेव्हा काठेवाडचे नाव पानावर राहिलेच, आणि त्याच्यापुढे 'सामना अर्धवट सोडला' हा शेराही कायमचा बसला. निंबाळकर पुढे एकही अधिकृत कसोटी खेळू शकले नाहीत. २०१२ मध्ये ते निवर्तले, तोवर त्या न झालेल्या दहा धावांविषयी लोक त्यांना विचारीतच राहिले.

ठाकोरसाहेबांना आज दोष देण्यात अर्थ नाही. अपमान टाळावा असे कोणाला वाटत नाही? पण दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली, तर आमच्या मनात बाल्टिमोरच्या त्या चौघा पिचरांविषयी आदर अधिक दाटतो. त्यांच्या नावापुढचे आकडे लाजिरवाणे आहेत यात शंका नाही. तथापि सत्तावीस गडी त्यांनी बाद केले. सत्ताविसावा गडी बाद करावयाचा तेव्हा फलकावर तीस धावा होत्या, तरीही कोणीतरी चेंडू टाकला आणि कोणीतरी तो झेलावयास उभा राहिला. पराभव शेवटपर्यंत नेणे हेही एक काम असते, आणि ते कोणी नीट केले तरच समोरच्याचा विजयही खरा ठरतो. काठेवाडने मैदान सोडले तेव्हा हिरावला गेला तो निंबाळकरांचा विक्रमच.

आणि वहीचे पुढचे पान? त्याच दिवशी दुसरा सामना झाला. त्यातही ओरिओल्स हरले, पण ९-७ असे, दोनच धावांनी. आदल्या काही तासांत तीस धावा सोसलेल्या संघाने सात धावा करून झुंज दिली, याची दखल फारशी कोणी घेतली नाही. मोसमाच्या १६२ सामन्यांच्या तक्त्यात ३०-३ चा विजय एक म्हणूनच मोजला गेला आणि ९-७ चाही एकच. मोसम संपला तेव्हा विक्रमवीर रेंजर्सचे ७५ विजय आणि ८७ पराभव झाले होते. आपल्या गटात ते तळाला राहिले. ओरिओल्सचे ६९ विजय आणि ९३ पराभव. सत्तावीस धावांच्या त्या दरीपेक्षा सबंध वर्षाचा फरक सहाच विजयांचा ठरला. एका दिवसाच्या अतिरेकाला वर्षाच्या हिशेबात किती किंमत असते, ते यावरून दिसते.

शेवटी पुन्हा आपल्या यशवंत क्लबच्या मैदानावर यावयाचे आहे. होळकरांच्या त्या ९१२ धावांत म्हैसूरच्या गरुडाचार यांच्या गोलंदाजीवर ३०१ धावा निघाल्या होत्या. बळी मिळाले चार. एका डावात तीनशेच्या वर धावा देणाऱ्या गोलंदाजाचे नाव आपल्या आजोबांनी सांगितले असेलच, असे नाही. म्हैसूरने पहिल्या डावात १९० धावा केल्या होत्या. सातशेवर धावांचे ओझे डोक्यावर असताना त्यांचा दुसरा डाव सुरू झाला, आणि त्यात ५०९ धावा निघाल्या. सामना केव्हाच हातचा गेला होता, तरी त्या डावात एका फलंदाजाने १६४ धावा काढल्या. तो फलंदाज म्हणजे तेच गरुडाचार.

तेव्हा ९१२ ची गोष्ट घरातल्या मुलांना सांगताना हा १६४ चा आकडाही तिच्यात घालावा, एवढीच विनंती. त्यावाचून ती गोष्ट अर्धीच राहते.